रिनोव्हेशनचं कोटेशन वाजवी आहे का, हे कसं तपासायचं

पंचवीस-तीस वर्षं जुन्या इमारतीतला टू बीएचके फ्लॅट. दोन्ही बाथरूम, किचन, फरशी, वायरिंग आणि रंग एवढं काम काढायचं आहे. तीन कंत्राटदार घर बघून जातात आणि दोन दिवसांत व्हॉट्सॲपवर तीन आकडे येतात: साडेसहा लाख, नऊ लाख, अकरा लाख चाळीस हजार. मग घरात चर्चा सुरू होते आणि बहुतेक वेळा मधला आकडा पक्का होतो. स्वस्तातला माणूस काम बिघडवेल आणि महागातला लुटेल, असा त्यामागचा हिशोब असतो.

हा हिशोब चुकीचा आहे, कारण हे तीन आकडे एकाच कामाचे नाहीत. एकाने जुनी वायरिंग तशीच ठेवून फक्त स्विच बदलायचे धरलेत, दुसऱ्याने टाइल्स तुम्ही आणणार असं गृहीत धरलंय, तिसऱ्याने फॉल्स सीलिंगही घातलंय. तिघांना एकच काम मोजायला दिल्याशिवाय त्यांच्या आकड्यांची तुलना होत नाही. म्हणून खालच्या क्रमाला महत्त्व आहे. कंत्राटदाराला बोलवायचं ते चौथ्या टप्प्यावर. बहुतेक लोक तिथूनच सुरुवात करतात, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

१. आधी काय करायचं ते खोलीवार लिहून काढा

प्रत्येक खोलीसाठी एक पान घ्या. त्यावर तीन गोष्टी लिहा: काय तोडायचं, काय तसंच ठेवायचं, नवीन काय बसवायचं. ‘बाथरूम नवीन करणे’ एवढं लिहून भागत नाही. जुन्या टाइल्स काढून नवीन बसवायच्या की वरूनच चिकटवायच्या? पाइप आतून बदलायचे का? कमोड भिंतीवरचा की जमिनीवरचा? गीझरची जागा तीच राहणार का? यातला प्रत्येक निर्णय दरावर परिणाम करतो. तो तुम्ही घेतला नाहीत, तर कंत्राटदार स्वतःच्या सोयीने घेतो.

याच वेळी सोसायटीच्या ऑफिसमधून कामाच्या वेळा, अनामत रक्कम, लिफ्टने सामान नेता येतं का आणि राडारोडा कुठे ठेवायचा याची लेखी माहिती घ्या. चौथ्या मजल्यावर वाळू जिन्याने चढवायची असेल, तर मजुरी वाढणारच आणि ती वाढ रास्त आहे. ती कोटेशनमध्ये दिसायला हवी, एवढंच.

सावधान: बीम, कॉलम किंवा आरसीसी भिंतीला हात लावायचं मनात असेल, तर इथेच थांबा. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं मत आणि सोसायटी-महापालिकेची परवानगी. ‘काही होत नाही, आम्ही रोज तोडतो’ असं सांगणाऱ्या कंत्राटदाराचं कोटेशन पुढे वाचायचीही गरज नाही.

२. मापं स्वतः घ्या

कोटेशनमध्ये पैसे दोन ठिकाणी वाढतात, दरात आणि मापात. दरावर सगळे घासाघीस करतात, मापं मात्र कुणी तपासत नाही. पाच मीटरचा टेप, वही आणि एक सुट्टीचा दिवस एवढ्यात हे काम होतं.

एक बाथरूम मोजून बघू. लांबी ७ फूट, रुंदी ४ फूट, टाइल्स ७ फूट उंचीपर्यंत.

चारही भिंतींची बेरीज २२ फूट. गुणिले ७ म्हणजे १५४ चौरस फूट. दरवाजा अडीच बाय सात, म्हणजे साडेसतरा चौरस फूट वजा. उरले १३६.५. व्हेंटिलेटर दोन बाय दोनचा आहे, तो वजा करायचा नाही. मोजमापाच्या आयएस १२०० या मानकात प्लास्टरसाठी अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची, म्हणजे साधारण ५.४ चौरस फुटांपर्यंतची उघडी जागा वजा होत नाही, आणि टाइल्सलाही तोच हिशोब लावणं रास्त आहे, कारण तिच्या कडा भरायला तेवढंच काम पडतं. जमीन २८ चौरस फूट. एकूण १६४.५.

आता कोटेशनमध्ये याच बाथरूमला २१० चौरस फूट लिहिलेले असले, तर ४५ चौरस फूट कुठून आले हे विचारायचा हक्क तुम्हाला मिळाला. ‘वेस्टेज धरलंय’ असं उत्तर येईल. टाइल्स खरेदी करताना ५ ते १० टक्के जास्त घ्यावी लागतात हे खरं आहे, म्हणजे इथे १८० चौरस फुटांच्या आसपास. पण मजुरी बसलेल्या मापावरच द्यायची. वाया गेलेल्या तुकड्यांवर मजुरी लागत नाही.

रंगाचंही असंच. दहा बाय बाराची खोली, उंची साडेनऊ फूट. भिंती ४४ गुणिले ९.५, म्हणजे ४१८. छत १२०. दरवाजा २१ आणि खिडकी १६ वजा. ५०१ चौरस फूट आले. पूर्ण भिंतभर कपाट असेल तर ती भिंतही वजा होते. हे सहसा कुणी करून देत नाही, मागावं लागतं.

मापाचं एकक नीट बघा:

- स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची पट्टी), ग्रॅनाइटची पट्टी आणि ओट्याची कड रनिंग फुटात, म्हणजे नुसत्या लांबीवर मोजतात. ओटा काही जण रनिंग फुटात लावतात, काही चौरस फुटात. दोन कोटेशनांत एकक वेगळं असेल तर आधी एकाच एककात आणा.
- कपाटं समोरच्या दर्शनी मापावर लावतात, सात बाय सातचं कपाट म्हणजे ४९ चौरस फूट. वरचा लॉफ्ट यात धरलाय की वेगळा, ते लिहून घ्या.
- वाळू-खडी ब्रासमध्ये येते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट.

तपासणी: तुमचं माप आणि कंत्राटदाराचं माप यात पाच टक्क्यांपर्यंत फरक असेल तर सोडून द्या. त्यापेक्षा जास्त असेल तर दोघांनी मिळून टेप धरून पुन्हा मोजा.

३. कोरा तक्ता तुम्ही तयार करा

सगळ्या प्रक्रियेत जास्तीत जास्त वेळ इथे द्या. तक्त्यात सहा रकाने हवेत: अनुक्रमांक, कामाचं वर्णन, एकक, माप, दर, रक्कम. पहिले चार तुम्ही भरायचे, शेवटचे दोन कंत्राटदाराने.

वर्णन किती बारकाईने लिहायचं? एक ओळ जवळून बघा. कोटेशनमध्ये हमखास असते ती अशी:

‘बाथरूम वॉटरप्रूफिंग – १ नग – लम्पसम’

लम्पसम म्हणजे मापाशिवाय एकठोक रक्कम. या ओळीत एक डबा केमिकल ब्रशने फासणंही बसतं आणि खालपर्यंत खोदून केलेलं पूर्ण कामही बसतं. तीच ओळ तुमच्या तक्त्यात अशी यायला हवी:

‘जुनी फरशी व भराव स्लॅबपर्यंत काढणे. स्लॅब साफ करून पाइपांच्या व नहाणी ट्रॅपच्या भोवतीच्या फटी नॉन-श्रिंक ग्राउटने भरणे. वॉटरप्रूफ कोटिंगचे दोन हात, भिंतीवर किमान एक फूट चढवून (शॉवरच्या भिंतीवर पूर्ण उंची). त्यावर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर), ट्रॅपकडे उतार देऊन. टाइल्स बसवण्याआधी ४८ तास पाणी साठवून चाचणी. कोटिंगची कंपनी व उत्पादनाचं नाव कंत्राटदाराने लिहावे.’

आता तीन कंत्राटदार या ओळीला जो दर लावतील, त्याची तुलना करता येईल. आणि एखाद्याने ‘एवढं कशाला करता?’ म्हटलं, तर त्याचा आधीचा आकडा स्वस्त का होता तेही कळेल.

अशी भाषा स्वतः सुचत नसेल तर राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची उघडा. कंत्राटदार तिला डीएसआर किंवा एसएसआर म्हणतात. तिच्यातल्या कामांची वर्णनं काय-काय धरलंय ते नेमकं सांगतात. तिच्यातले दर मात्र तुमच्या फ्लॅटला जसेच्या तसे लावू नका. ते मोठ्या सरकारी कामांसाठी आहेत. दोन बाथरूमच्या कामाला तो दर कुणालाच परवडणार नाही.

सामानाचा दर्जा ओळीतच लिहायचा. काही ठिकाणी फसगत ठरलेली असते:

वायरिंग. दिवे-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटर, प्लगला अडीच, एसी आणि गीझरला चार, अशी तार साधारणपणे घालतात. कंपनीचं नाव आणि जाडी दोन्ही लिहा. ‘पॉइंट’ म्हणजे काय हेही लिहा: तार, पाइप, झिरी (भिंतीत तार-पाइपासाठीची खाच) मारून बुजवणं, बॉक्स, स्विच हे सगळं त्यात आहे की नुसती मजुरी? दोन कोटेशनांत पॉइंटचा दर दुप्पट-तिप्पट वेगळा दिसतो, त्याचं कारण नव्वद टक्के वेळा हेच असतं. ३० मिलिॲम्पियरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारं उपकरण) वेगळी ओळ म्हणून घाला, कारण ती बऱ्याचदा गाळलेली असते.

प्लायवूड. ‘वॉटरप्रूफ प्लाय’ हा शब्द काहीच सांगत नाही. किचन आणि बाथरूमजवळच्या कामाला आयएस ७१० (मरीन प्लायचं मानक), कोरड्या खोल्यांना आयएस ३०३ (सर्वसाधारण प्लायचं मानक), असं लिहा. जाडीही लिहा, आणि मागची फळी किती मिलिमीटरची तेही. माल आल्यावर प्रत्येक शीटवर आयएसआयची खूण आणि सीएम/एल क्रमांक (भारतीय मानक ब्युरोचा, म्हणजे बीआयएसचा, परवाना क्रमांक) बघायचा. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो.

रंग. कंपनी पुरेशी नाही. एकाच कंपनीच्या स्वस्त आणि महाग इमल्शनमध्ये मोठा फरक असतो. उत्पादनाचं पूर्ण नाव, पुट्टीचे किती हात, प्रायमर आहे का आणि रंगाचे किती हात, एवढं हवं.

टाइल्स. इथे ‘बेसिक रेट’ हा शब्द येतो, म्हणजे टाइलचा चौरस फुटाला धरलेला खरेदीभाव. कोटेशनमध्ये ‘टाइल्स बेसिक रेट ५० रुपये’ असं लिहिलेलं असतं आणि त्यावर सगळी रक्कम उभी असते. तुम्ही दुकानात जाता, पन्नासची टाइल कुणालाच आवडत नाही, पंच्याऐंशीची ठरते. वरचे ३५ रुपये तुमच्या खिशातून, तेही वेस्टेज धरून, आणि ६०० चौरस फुटांवर बावीस-तेवीस हजार वाढतात. म्हणून आधी दुकानात जाऊन टाइल पसंत करा आणि तोच बेसिक रेट तक्त्यात घाला. तो जीएसटी आणि वाहतुकीसह आहे की वेगळा, तेही शेजारी लिहा.

४. आता कंत्राटदारांना बोलवा

तीन पुरेत. तिघांना तोच तक्ता द्या, घर दाखवा आणि सांगा की भरलेला तक्ताच परत हवा, फोनवरचा आकडा नको. काही जण इथेच गळतात. गळू द्या. ज्यांना ओळीवार दर लावता येत नाहीत, त्यांना पुढे जादा कामाचे दरही ओळीवार सांगता येणार नाहीत, आणि भांडणं तिथेच होतात.

भेटीत त्यांचं ऐकाही. चांगला कंत्राटदार तक्त्यातली एखादी चूक दाखवेल: अमुक पाइप खालच्या मजल्याच्या छतातून जातो, किंवा या भिंतीला झिरी मारता येणार नाही. ती सूचना पटली तर तक्ता सुधारा आणि सुधारलेला तक्ता तिघांनाही पाठवा.

५. मोठ्या ओळींचे दर उकलून बघा

सगळ्या ओळी तपासायची गरज नाही. रकमेनुसार उतरत्या क्रमाने लावा. पहिल्या आठ-दहा ओळींत बहुतेक पैसा असतो, तेवढ्याच उकला.

दर म्हणजे चार गोष्टींची बेरीज: सामान, मजुरी, वाहतूक-चढाई, आणि कंत्राटदाराचा वरखर्च व नफा. फरशीचा दर असा उकलतो (आकडे फक्त पद्धत दाखवण्यासाठी आहेत, तुमच्या गावचे दुकानात विचारून घाला):

- टाइल ६० रुपये, वेस्टेज धरून ६४
- सिमेंट-वाळू किंवा ॲडहेसिव्ह २५
- गवंडी आणि बिगारी ३५
- ग्राउट, स्पेसर ४
- वर चढवणं ५

झाले १३३ रुपये. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग दर काढताना नफा आणि वरखर्च मिळून १५ टक्के धरतो. घराचं काम छोटं, माणसं रोज आणावी लागतात, सोसायटीत दुपारी काम बंद ठेवावं लागतं. म्हणून मी २० ते २५ टक्क्यांपर्यंत वाजवी मानतो. म्हणजे १५ पासून २५ टक्क्यांपर्यंत धरून चौरस फुटाला १५३ ते १६६. कोटेशनमध्ये १६५ असेल तर त्यावर वाद घालू नका. २१० असेल तर विचारा. आणि १२० असेल तर जास्त काळजीने विचारा, कारण सामान-मजुरीच्या बेरजेखाली कुणी काम करत नाही. तो फरक माल बदलून किंवा नंतरच्या जादा कामातून वसूल होतो.

मजुरीचा अंदाज दिवसांवरून काढा. एक गवंडी आणि एक बिगारी दिवसात किती चौरस फूट बसवतात हे कंत्राटदारालाच विचारा, आणि दोघांचा रोज (दिवसाची मजुरी) त्या मापाने भागा. आजूबाजूला चालू असलेल्या कामावर जाऊन गवंड्याला विचारलंत तरी रोज कळतो.

प्लास्टरसाठी एक ठोकताळा उपयोगी पडतो: १२ मिलिमीटर जाडीचं, एकास चार प्रमाणाचं १०० चौरस फूट प्लास्टर करायला सिमेंटची साधारण एक गोणी लागते. सिमेंटचा हिशोब याच्या दुप्पट-तिप्पट दिसला तर भिंत ओळंब्यात नाही म्हणून जाडी वाढतेय का, ते स्वतः बघून या.

कोकणात किंवा देशावर गावच्या घराची दुरुस्ती असेल, तर अनेकदा काम रोजंदारीवर आणि सामान मालकाचं असं ठरतं. तिथे दर उकलायचा प्रश्न येत नाही, पण रोज किती काम व्हायला हवं हे वरच्याच पद्धतीने आधी काढून ठेवा.

६. जे लिहिलेलं नाही ते शोधा

स्वस्त कोटेशनची किंमत लिहिलेल्या ओळींत कमी, गाळलेल्या ओळींत जास्त असते. या गोष्टी कुठल्या ओळीत आहेत ते बोट ठेवून दाखवायला सांगा:

- राडारोडा गोण्यांत भरणं, खाली उतरवणं आणि गाडीने नेणं. तीन वेगळी कामं आहेत. मुंबईत महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे. कुठेही नेऊन टाकला तर दंड घरमालकाच्या नावावर येऊ शकतो.
- झिरी मारून झाल्यावर ती बुजवणं. वायरमन म्हणतो गवंड्याचं काम, गवंडी म्हणतो वायरमनचं.
- नळ, कमोड, गीझर, दिवे, पंखे बसवण्याची मजुरी. सामान तुमचं असलं तरी मजुरी लागतेच.
- राहत्या घरात काम असेल तर सामान झाकणं आणि हलवणं.
- शेवटची सफाई. टाइल्सवरचं सिमेंट आणि रंगाचे डाग काढून देणं.
- भंगार. जुन्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या, ग्रिल, पितळी नळ, तांब्याची तार यांना पैसे येतात. ते कुणाचे, हे आधीच ठरवा.

जुन्या इमारतीत एक प्रश्न हमखास निघतो. छताचं प्लास्टर काढलं की आतली सळई गंजलेली सापडते, किंवा वरच्या फ्लॅटची गळती दिसते. ते कोटेशनमध्ये नसणं ही लबाडी नाही, कुणालाच आधी दिसलेलं नसतं. त्यावर उपाय एकच: संभाव्य कामांचे दर आत्ताच घ्या, माप शून्य ठेवून. सैल प्लास्टर काढून नवीन करणं, सळई घासून गंजरोधक लावून पॉलिमर मॉर्टर भरणं, एक जादा प्लग पॉइंट, एक जादा पाण्याचा पॉइंट. काम अर्धवट असताना, घर उघडं पडलेलं असताना विचारलेला दर नेहमीच चढा असतो. शिवाय एकूण रकमेच्या दहा टक्के बाजूला ठेवा, आणि ते कंत्राटदाराला सांगू नका.

७. तिन्ही तक्ते शेजारी ठेवा

प्रत्येक ओळीतले तीन दर एकासमोर एक लिहा. मधल्या दरापासून २०-२५ टक्क्यांहून लांब असलेल्यांवर खूण करा, वरच्या आणि खालच्या दोन्हींवर. मग त्या-त्या कंत्राटदाराला फक्त तेवढ्याच ओळींबद्दल विचारा. ‘एकूण जास्त होतंय, काहीतरी कमी करा’ असं म्हणू नका. एकूण रकमेत कमी केलेले पन्नास हजार कुठल्या ओळीतून गेले हे तुम्हाला कधीच कळत नाही, आणि बहुधा ते मालातून जातात. ‘सुरेशभाऊ, फरशीचा दर बाकी दोघांपेक्षा चाळीस रुपयांनी जास्त आहे, तुम्ही त्यात काय धरलंय?’ असं विचारलं तर उत्तर मिळतं. कधी उत्तर पटण्यासारखंही असतं: त्याने खालची जुनी फरशी काढून लेव्हल करणं धरलेलं असतं, बाकीच्यांनी नसतं.

सावधान: सुरुवातीच्या कामांचे दर चढे आणि शेवटच्या कामांचे दर फारच कमी आहेत का, ते बघा. तोडफोड, गवंडीकाम, प्लंबिंग महाग. रंग आणि फिटिंग अगदी स्वस्त. एकूण रक्कम वाजवी दिसते, पण अर्धं काम होईपर्यंत बहुतेक पैसा गेलेला असतो आणि रंगाच्या वेळी कंत्राटदार फोन उचलायला राजी नसतो. अशा वेळी दर तसेच राहू द्या, हप्ते मात्र कामाच्या टप्प्यांवर बांधा.

८. कर, हप्ते आणि सही

अशा कामावर जीएसटी १८ टक्के लागतो. कोटेशनमधला आकडा करासह आहे की ‘प्लस जीएसटी’, हे पहिल्याच पानावर लिहून घ्या. नऊ लाखांवर तो एक लाख बासष्ट हजारांचा फरक आहे. कंत्राटदार कर लावत असेल तर त्याचा पंधरा अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून बघा. महाराष्ट्रातला क्रमांक २७ ने सुरू होतो, गोव्यातला ३० ने. तो कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकांसाठीची सोपी करयोजना) असेल तर त्याला तुमच्याकडून वेगळा कर घेता येत नाही. आणि नोंदणीच नसेल, तर कर लावण्याचा प्रश्नच नाही.

‘बिल नको असेल तर एवढे वाचतील’ असं सांगितलं जाईल. सहा महिन्यांनी बाथरूम गळालं आणि ग्राहक आयोगाकडे जायची वेळ आली, तर काम कुणी केलं हे सिद्ध करायला बिलाइतका पक्का कागद दुसरा नाही.

आगाऊ १० ते १५ टक्के. पुढचे हप्ते तारखेवर ठेवू नका, पूर्ण झालेल्या कामावर ठेवा: तोडफोड आणि राडारोडा गेल्यावर, प्लंबिंग-वायरिंग झाकण्याआधी तपासल्यावर, पाण्याची चाचणी उत्तीर्ण झाल्यावर, टाइल्स झाल्यावर, रंग झाल्यावर. शेवटचे ५ ते १० टक्के काम संपल्यावर महिनाभराने द्यायचे, म्हणजे नळ, ट्रॅप आणि उतार वापरात तपासले जातात.

सही करताना भरलेला तक्ता, सामानाच्या कंपन्यांची यादी, हप्ते आणि शून्य मापाच्या जादा कामांचे दर, ही सगळी पानं एकत्र जोडून प्रत्येकावर दोघांच्या सह्या घ्या. त्यात एक ओळ हाताने लिहा: यादीबाहेरचं कुठलंही काम दर आणि माप लेखी मंजूर झाल्याशिवाय सुरू करायचं नाही, व्हॉट्सॲपवरची मंजुरी चालेल. ही ओळ लिहायला खळखळ करणाऱ्याला काम देऊ नका, त्याचा आकडा तिघांत कितीही कमी असला तरी.